मोजल्याशिवाय ही गोळी घेता येत नाही: विमा कंपनीच्या पुनर्विचार समितीला खुले पत्र

दावा पुनर्विचार समितीच्या सर्व सदस्यांस,

सविनय नमस्कार.

माझी फाइल तुमच्या टेबलावर दुसऱ्यांदा आली आहे. पहिल्यांदा ती सात ओळींचं पत्र घेऊन परत आली. त्यातली चौथी ओळ मला आता पाठ झाली आहे: 'सदर उपकरण विमाधारकाच्या सोयीसाठी असून वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नसल्याने दावा नामंजूर करण्यात येत आहे.' दुसरं अपील मी रीतसर भरलं आहे आणि कागदपत्रंही जोडली आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहिते आहे, त्याला कारण आहे. हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह असलेल्या आम्हा काही रुग्णांचा एक छोटा गट आहे. तिथे मी ही ओळ वाचून दाखवली, तेव्हा आणखी तिघांनी आपापली पत्रं काढली. चारही पत्रांत तीच ओळ होती, शब्दाला शब्द. एकाचा व्हॉल्व्ह महाधमनीच्या तोंडाशी आहे, एकीला दोन व्हॉल्व्ह बसवलेत, एकाचं वय ७१ आहे आणि माझं ३८. इतक्या वेगळ्या चार माणसांना एकच वाक्य पुरलं. ते वाक्य लिहिणाऱ्याने आमच्यापैकी कोणाचीही फाइल नीट उघडून पाहिली असेल, असं मला वाटत नाही. मी चुकत असेन तर तसं लेखी कळवा, मी ते याच ठिकाणी जाहीरपणे मान्य करीन.

मी मागितलेलं उपकरण म्हणजे घरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, मोजण्याचं छोटं मशीन आणि त्याला लागणाऱ्या स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या. ते मला का हवं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

लहानपणी मला रुमॅटिक फीवर झाला. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा ताप सांधे सोडून जातो, पण काही मुलांच्या हृदयाच्या झडपांवर कायमची खूण ठेवतो. माझी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, हळूहळू आखडत गेली. एकोणतिसाव्या वर्षी ती काढून तिथे कार्बनच्या दोन अर्धगोल पाकळ्यांचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. तो उत्तम चालतो. रात्री घर शांत झालं की त्याची टिकटिक मला ऐकू येते, आणि माझ्या कुशीत झोपणाऱ्या मुलीलाही येते. ती तान्ही असल्यापासून त्याच आवाजावर झोपत आली आहे.

पण आपलं रक्त कार्बनला आपलं मानत नाही. परक्या पृष्ठभागावर ते गोठू पाहतं. पाकळ्यांच्या बिजागरीवर गुठळी धरली तर व्हॉल्व्ह अडकतो, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. मायट्रल जागेवर हा धोका महाधमनीच्या जागेपेक्षा जास्त असतो. म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी घ्यावी लागते. आमच्यासाठी ती गोळी म्हणजे वॉर्फरिन.

वॉर्फरिनचा जन्म कसा झाला हे आमच्या गटात सगळ्यांना माहीत असतं, कारण कोणी ना कोणी 'अरे, हे तर उंदराचं विष' म्हणून घाबरवलेलं असतं. ते खोटं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत कुजलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. द्रव्य तेच, फरक फक्त मात्रेचा. आणि ही मात्रा नुसतं वजन किंवा वय बघून ठरत नाही. एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कित्येक पट कमी किंवा जास्त पडू शकतो, कारण यकृतातली विकरं प्रत्येकाची वेगळी असतात. त्यात एखादं अँटिबायोटिक, ताप, जुलाब, जेवणातल्या पालेभाज्यांचं कमीजास्त प्रमाण, थायरॉइडची गडबड, अशा कशानेही तोच डोस त्याच माणसाला एका आठवड्यात अपुरा आणि दुसऱ्या आठवड्यात अति होऊ शकतो.

तो पुरेसा आहे की नाही हे सांगणारा एकच आकडा आहे, तो म्हणजे आयएनआर. जगभरातल्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत स्वीकारली. वॉर्फरिन न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. माझा २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, आणि साडेचार-पाचच्या वर गेला तर आतल्या आत रक्तस्रावाची, त्यातही मेंदूतल्या. रक्तदाबाची गोळी माणूस वर्षभर तीच घेऊ शकतो. माझ्या डॉक्टरांना मात्र आकडा बघितल्याशिवाय आज किती गोळी घ्यायची हे सांगता येत नाही. माझी गोळी आणि माझं मोजमाप हा एकच उपचार आहे. एकाला आवश्यक म्हणायचं आणि दुसऱ्याला सोय, हे मला समजत नाही.

आता गेल्या वर्षीच्या त्या सकाळविषयी. फाइलमध्ये ती 'क्षणिक मेंदूविकार, डावा गोलार्ध' एवढ्याच शब्दांत आहे.

मी मुलीच्या शाळेच्या शर्टाची बटणं लावत होते. ती आठ वर्षांची आहे, स्वतः लावू शकते, पण घाई होती. दोन लावली. तिसऱ्या बटणाशी उजव्या हाताची बोटं थांबली. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. बटण दिसत होतं, काज दिसत होतं, पण बोटं माझी नव्हती. मला तिला 'थांब' म्हणायचं होतं. तोंडातून जो आवाज आला त्याला अर्थ नव्हता. तिला वाटलं मी गंमत करतेय, म्हणून ती हसली. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. तिने वडिलांना हाक मारली. पंचवीस मिनिटांनी शब्द परत आले, तासाभरात हातही. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या रक्ततपासणीत आयएनआर आला १.६.

तारखा पाहा. ३ तारखेला लॅबमध्ये माझा आकडा २.८ होता, अगदी जसा हवा तसा. ५ तारखेला, व्हायरल तापानंतरच्या अशक्तपणासाठी, मी दुधात घालून घ्यायची एक पोषण पावडर सुरू केली. डब्याच्या मागे बारीक अक्षरात जीवनसत्त्व के लिहिलेलं होतं, आणि हेच जीवनसत्त्व वॉर्फरिनचं काम पुसून टाकतं. आम्हाला पालेभाज्यांबद्दल सगळे बजावतात. पावडरबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. चार आठवड्यांच्या शिरस्त्याप्रमाणे पुढची तपासणी ३१ तारखेला होती. झटका आला २४ तारखेला. मी दर आठवड्याला मोजत असते तर १० आणि १७ तारखेला आकडा दिसला असता. १० तारखेला फरक कळलाच असता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण १७ तारखेपर्यंत पावडर सुरू होऊन बारा दिवस झाले होते.

त्या सहा दिवसांचं रुग्णालयाचं सगळं बिल तुम्ही भरलं. एमआरआय, हेपरिनची इंजेक्शनं, खोली, न्यूरॉलॉजिस्टची भेट, काहीही न कापता. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. पण त्याच मुक्कामाच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या परिच्छेदात 'घरी आयएनआर मशीन घेऊन दर आठवड्याला मोजणे' असं लिहिलं आहे. कार्डाचा वरचा भाग तुम्ही मान्य केलात आणि शेवटचा परिच्छेद नामंजूर केलात.

पहिल्या अपिलाचं उत्तर येईपर्यंत मला थांबणं शक्य नव्हतं. आमच्या गटातल्या एका काकांना दुसऱ्या शस्त्रक्रियेत टिश्यूचा, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेला, व्हॉल्व्ह बसला, त्यांचं वॉर्फरिन बंद झालं आणि मशीन कपाटात पडून होतं. त्यांनी ते मला दिलं. मी ते पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक केलं, सुया नव्या घेतल्या, स्ट्रिप माझ्या खर्चाने आणल्या. रुग्णालयातल्या नर्सताईंनी दोन वेळा समोर बसवून शिकवलं. हात कोमट पाण्याने धुवायचे, बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता किंचित कडेला टोचायचं, बोट जोरात पिळायचं नाही, थेंब स्वतःहून यायला हवा आणि टोचल्यावर काही सेकंदांतच तो स्ट्रिपला लावायला हवा. उशीर झाला तर रक्त बोटावरच गोठायला लागतं आणि आकडा चुकतो. पहिल्या दिवशी मी दोन स्ट्रिप वाया घालवल्या. तिसऱ्या थेंबाला मशीनने टूं केलं आणि साधारण मिनिटभरात पडद्यावर २.८ उमटलं. त्याच सकाळी लॅबमध्ये २.६ आला. एवढा फरक चालतो, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी मोजत आले. वहीची प्रत अपिलाला जोडली आहे, पण ती कोणी वाचेल याची खात्री नाही म्हणून आकडे इथेही देते: २.८, २.७, ३.०, २.१, २.६, ३.१, २.९, ४.३, ३.४, २.९, ३.०. अकरा आठवडे, त्यात नऊ वेळा मर्यादेत.

जे दोन बाहेर आहेत त्यांच्याकडे जरा थांबून बघा. चौथ्या आठवड्यात २.१ आला, कारण कामाच्या धावपळीत लागोपाठ दोन रात्री गोळी राहिली होती. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन दिवस डोस वाढवून दिला, पुढच्या रविवारी २.६. आठव्या आठवड्यात दाढेला पू झाला आणि मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक सुरू करावं लागलं. हे औषध वॉर्फरिनचा परिणाम चांगलाच वाढवतं. एरवी मी ते घेतलं असतं आणि नाकातून रक्त येईपर्यंत मला काही कळलं नसतं. मोजलं, ४.३ निघाला, एक गोळी वगळली, पुढची कमी केली, आठवड्यात ३.४ वर आला.

आता या अकरांमधून पहिला, पाचवा आणि नववा आकडा बाजूला काढा. चार आठवड्यांनी लॅबला गेले असते तर एवढेच हाती आले असते: २.८, २.६, ३.४. तिन्ही मर्यादेत. 'सगळं छान आहे, याच डोसवर चालू द्या' असा शेरा मिळाला असता. अर्थात मधे डोस सुधारला म्हणूनच पुढचे आकडे सावरले, हे मी विसरलेले नाही. सुधारला नसता तर एक तर आकडा आणखी भरकटला असता, किंवा नशिबाने आपोआप जागेवर आला असता आणि ते दोन धोक्याचे आठवडे होऊन गेले हे कोणालाही कधीच कळलं नसतं.

तुमच्या पत्रात दिलेल्या कारणांकडे येते. 'प्रयोगशाळेत तपासणीची सुविधा उपलब्ध आहे.' आहे, आणि मी नऊ वर्षं ती वापरली. माझ्या दोन्ही कोपरांच्या आतली शीर आता सहज सापडत नाही, रक्त काढणारे मनगटाच्या मागे आणि हाताच्या पंजावर शोधतात. रक्त पातळ असल्यामुळे प्रत्येक टोचणीनंतर निळा डाग आठवडाभर राहतो. अर्धा दिवस रजा पडते, रिपोर्ट संध्याकाळी येतो, डॉक्टरांशी बोलणं दुसऱ्या दिवसावर जातं. हे सगळं वाचलं की घरचं मशीन सोयीचं वाटेल, आणि सोय होते हे मी कशाला नाकारू? पण डॉक्टरांनी ते सोयीसाठी लिहून दिलेलं नाही. दर आठवड्याला शिरेतून रक्त काढून जन्मभर लॅबमध्ये तपासणं माझ्या शिरांना झेपणारं नाही, आणि चार आठवड्यांचं अंतर माझ्या मेंदूला झेपलं नाही, म्हणून लिहून दिलं आहे.

पहिल्या अपिलाच्या उत्तरात आणखी एक वाक्य आलं, ते मात्र मला हादरवून गेलं. 'नियमित तपासणीची गरज नसलेली नवीन औषधे उपलब्ध असल्याने रुग्णाने त्यांचा पर्याय विचारात घ्यावा.' हे लिहिणाऱ्याला माझ्या छातीत काय आहे हे माहीत नव्हतं, दुसरा अर्थ मला लागत नाही. मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेल्यांना ती नवीन औषधं देत नाहीत. देऊन पाहिलेली आहेत. त्यातल्या डॅबिगाट्रान या औषधाची री-अलाइन नावाची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: डॅबिगाट्रान घेणाऱ्यांत ९ जणांना पक्षाघात झाला, वॉर्फरिन घेणाऱ्यांत एकालाही नाही, आणि रक्तस्रावही डॅबिगाट्रानच्याच गटात जास्त. अपिक्साबान या दुसऱ्या नव्या औषधाची अशीच चाचणी महाधमनीच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हवर झाली, तीही २०२२ मध्ये गुठळ्यांच्या कारणाने थांबवली. माझा व्हॉल्व्ह तर मायट्रल, म्हणजे त्याहून जोखमीचा. तुमच्या पत्रातला सल्ला मी ऐकला असता तर आज हे पत्र लिहायला मी असते की नाही, सांगता येत नाही. माझे डॉक्टर तो कागद वाचून काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, 'हे कोणी लिहिलं, त्यांची शाखा कोणती, एवढं विचारून घ्या.' मी विचारलं. उत्तर आलेलं नाही.

तिसरं कारण जास्त गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं. 'घरगुती तपासणीमुळे निष्पत्तीत सुधारणा होत असल्याचा निर्णायक पुरावा नाही.' तुमच्या वैद्यकीय सल्लागारांच्या मनात बहुधा २०१० ची अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधली चाचणी असावी. तिच्यात २,९२२ रुग्ण होते. निम्मे घरी दर आठवड्याला मोजत, निम्मे दर महिन्याला दवाखान्यात जात. पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांपैकी पहिली घटना घडायला लागणाऱ्या काळात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे मी लपवणार नाही. पण त्या चाचणीतल्या बहुतेकांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉर्फरिन होतं, मेकॅनिकल व्हॉल्व्हवाले कमी होते. शिवाय दवाखान्यातला गट खास या औषधावरच देखरेख ठेवणाऱ्या, उत्तम चालणाऱ्या केंद्रांमध्ये तपासला जात होता. मला तसं केंद्र मिळालेलं नाही, लॅब आणि डॉक्टरांचा फोन एवढंच मिळालं आहे. आणि त्यातही घरी मोजणाऱ्यांचा आयएनआर मर्यादेत राहण्याचा काळ थोडा का होईना, जास्तच निघाला.

त्यानंतर २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ११ चाचण्यांमधल्या ६,४१७ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. स्वतः मोजणाऱ्यांमध्ये गुठळीच्या घटना जवळजवळ निम्म्या होत्या. रक्तस्राव आणि मृत्यू यांत ठळक फरक नव्हता. पण फायदा सगळ्यात जास्त कोणाला झाला ते पाहा: ५५ वर्षांखालचे रुग्ण आणि मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेले रुग्ण. मी ३८ वर्षांची, मेकॅनिकल व्हॉल्व्हवाली, आणि एकदा झटका येऊन गेलेली आहे. माझ्यासाठी हा पुरावा निर्णायक नसेल तर कोणासाठी असेल, हे समितीने मला लिहून द्यावं.

याच पुराव्यावर इतरांनी निर्णय घेतलेले आहेत. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या रुग्णांसाठी घरची आयएनआर तपासणी २००२ पासून मान्य केली आणि २००८ मध्ये ती इतर काही आजारांपर्यंत वाढवली. त्यांच्या अटीही वाजवी आहेत: रुग्ण किमान तीन महिने औषधावर असावा, त्याने समोरासमोर प्रशिक्षण घेतलेलं असावं, आणि तपासणी आठवड्यातून एकदाच. ब्रिटनमध्ये उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये हृदयाच्या झडपांच्या आणि अनियमित ठोक्यांच्या ज्या रुग्णांना हे जमतं आणि हवं असतं त्यांच्यासाठी घरच्या तपासणीची शिफारस केली. तशा अटी तुम्ही घाला. मी आजच त्या सगळ्या पूर्ण करते.

मशीन चुकतच नाही असा माझा दावा नाही. २०१८ मध्ये एका प्रसिद्ध मशीनच्या स्ट्रिप खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात असं आढळलं आणि त्या मोठ्या संख्येने परत मागवाव्या लागल्या. ज्यांच्या रक्तात काही विशिष्ट अँटिबॉडी असतात किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असतं, त्यांच्यासाठी हे मशीन भरवशाचं नाही. माझ्या त्या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत, रिपोर्ट पान १४ वर आहेत. शिवाय दर तीन महिन्यांनी लॅबशी ताडून बघायचं आणि आकडा ४ च्या वर गेला की लॅबमध्ये खात्री करायची, हे डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. आठव्या आठवड्यातल्या त्या ४.३ नंतर मी त्याच दिवशी लॅबला गेले होते. तिथे ४.१ आला.

इथे माझ्यासारखंच पत्र हातात घेऊन बसलेल्यांसाठी दोन शब्द, समितीने क्षमा करावी. माझ्या पहिल्या अपिलात माझीही चूक होती. डॉक्टरांचं पत्र एका ओळीचं होतं: 'रुग्णास घरगुती आयएनआर मशीन आवश्यक.' ती ओळ वाचून नाकारणं सोपं जातं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांसमोर बसून मी पूर्ण पत्र लिहून घेतलं. व्हॉल्व्ह कोणता, कोणत्या जागी, कोणत्या वर्षी बसवला, आयएनआरची मर्यादा किती, गेल्या वर्षातले सगळे आकडे आणि त्यातले किती मर्यादेबाहेर, झटक्याची तारीख आणि त्या दिवशीचा आकडा, आठवड्याला मोजणं का हवं, रुग्ण शिकली आहे का, आणि मशीन न मिळाल्यास काय होऊ शकतं. नामंजुरीच्या पत्रातलं प्रत्येक कारण तेच शब्द वापरून उद्धृत केलं आणि त्याखाली उत्तर लिहिलं. पॉलिसीतलं नेमकं कोणतं कलम लावलं आणि 'आवश्यक' ठरवण्याचा तुमचा निकष काय, हे कंपनीकडे लेखी मागितलं. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. मुदत संपायची वाट बघू नका. मला पहिल्यांदा हे कोणी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते.

समितीकडे माझं मागणं मोठं नाही. माझं अपील हृदयरोगाच्या किंवा रक्तविकारांच्या अशा डॉक्टरांनी वाचावं, ज्यांनी स्वतः मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या रुग्णांना वॉर्फरिन दिलेलं आहे. त्यांना शंका असेल तर त्यांनी माझ्या डॉक्टरांना फोन करावा, दहा मिनिटं पुरतील. निर्णय काहीही असो, त्याखाली कलमाचा क्रमांक, निकष आणि वाचणाऱ्याची शाखा असावी. आणि माझ्या गटातल्या त्या तिघांच्या फाइलीही पुन्हा, वेगवेगळ्या उघडाव्यात. ७१ वर्षांचे ते काका संगणकावर अपील भरू शकत नाहीत. त्यांनी नामंजुरीचं पत्र घडी घालून देवघरात ठेवून दिलं आहे. 'आता या वयात कोण भांडणार,' असं ते मला म्हणाले. त्यांचं अपील मी भरते आहे, तुम्हाला ते या आठवड्यात मिळेल.

माझ्याकडचं मशीन उसनं आहे. ते पुढे एका नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मुलीला द्यायचं, ज्या काकांनी ते मला दिलं त्यांनी आधीच कबूल केलं आहे, आणि ते बरोबरच आहे. येत्या महिन्याच्या ३० तारखेला मी ते तिच्या आईच्या हातात देणार आहे. तोपर्यंत आणखी चार रविवार माझ्याकडे आहेत. त्यांचे आकडेही तुम्हाला पाठवीन. पाचव्या रविवारी मी काय मोजायचं आणि त्या रात्री किती गोळी घ्यायची, याचं उत्तर तुमच्याकडून यायचं आहे.

आपली,
एक विमाधारक